आठ दिवसांची किल्ली

मिस्त्रीनं आजवर दुसऱ्यांच्या घरांना निदान चारशे दारं बसवली असतील. स्वतःच्या मालकीचं म्हणाल तर एकही नाही. एकतीस वर्षं तो, त्याची बायको आणि त्याची आई असे तिघं स्कूटर दुरुस्तीच्या एका गॅरेजच्या डोक्यावर, दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. खालून दिवसभर इंजिनं अशी गुरगुरायची, की घरात कुणाला काही सांगायचं तर दोनदा सांगावं लागे. त्यामुळे या बैठ्या घराचा सौदा ठरला तेव्हा बायकोनं बेकरीच्या काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर ती बातमीही बांधून दिली. घराला मागं अंगण होतं आणि स्वयंपाकाच्या ओट्यासमोर खिडकी होती. त्या खिडकीबद्दल ती अशी बोलायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, विकत खिडकीच घेतलीय आणि घर तिच्यावर फुकट आलंय.

सगळं जमलं होतं. अडलं ते आईपाशी.

आईची नजर काचबिंदूनं हळूहळू नेली, त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. पण गॅरेजवरच्या त्या दोन खोल्यांत हे कुणाला सांगावं लागे, एरवी पाहुण्याच्या लक्षात येत नसे. चहा ती करायची, तांदूळ ती निवडायची, जिन्यावरून कोण येतंय ते ती पावलांवरून आधी सांगायची. मिस्त्रीचा चष्मा हरवला की तो शोधून द्यायचं कामही तिच्याकडेच होतं. नव्या घराचं ऐकून ती मनापासून खूश झाली, आणि तिसऱ्या दिवशी मुलाला समोर बसवून म्हणाली, "घर घे. पण मी तिथं गाठोडं होऊन बसणार नाही. मला आधी ते घर रिकामं असताना आठ दिवस दे. आठव्या दिवशी माझं मी उठून, कुणाचा हात न धरता, स्वयंपाकघरातून पेलाभर पाणी आणलं तर मी येते. नाही जमलं तर मला माझ्या बहिणीकडे सोड, आणि रुसायचं नाही."

बहीण राहायची रेल्वेनं नऊ तासांवर. आईला तिकडे पाठवून आपण नव्या घरात हातपाय पसरून झोपायचं, हे मिस्त्रीला कल्पनेतही जमेना. त्यानं मनातल्या मनात ठरवून टाकलं की आई येणार नसेल तर घरही नको. बायकोला हे त्यानं सांगितलं नाही. तिनं ते त्याच्या तोंडावर वाचलं, आणि त्या रात्री खिडकीचा विषय काढला नाही.

सौद्यातल्या एजंटला सगळे टायवाले म्हणायचे, कारण कसल्याही उकाड्यात त्यांच्या गळ्यातला टाय सुटत नसे. नोंदणीच्या आधी किल्ली मागितली म्हटल्यावर त्यांनी टाय सैल केला, म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल बघा. कागद व्हायच्या आधी किल्ली द्यायची नसते, त्यातून काय काय भानगडी होतात, याच्या त्यांनी चार कहाण्या ऐकवल्या. एकीत तर विकत घेणाऱ्यानं कागदाआधीच न्हाणीघर पाडलं होतं आणि पुढं सौदा फिसकटला होता.

शेवटी आईनं स्वतःच घरमालकीण बाईंना फोन लावायला सांगितला. बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर चार वर्षं एकट्या राहून कंटाळल्या होत्या, आणि आता सामानसुमान हलवून मागच्याच रस्त्यावर भाचीकडे राहायला गेल्या होत्या. आई त्यांच्याशी पाच-सात मिनिटं बोलली असेल. बाईंनी एवढंच विचारलं की म्हणजे तुम्हांला नकाशा पाठ करायचाय का. आई हो म्हणाली, आणि काम झालं.

मात्र बाईच त्या. किल्लीबरोबर त्यांनी एक कागद दिला आणि मिस्त्रीची सही घेतली. सुवाच्य अक्षरात तीन अटी होत्या. एक, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. दोन, दारं-खिडक्यांना हात लावायचा नाही, म्हणजे उघडझाप सोडून काही दुरुस्ती करायची नाही. तीन, कागद होईपर्यंत त्या घरात कुणीही झोपायचं नाही. आठव्या दिवशी दुपारी चार वाजता त्या स्वतः येऊन बघणार, आणि एक जरी अट मोडलेली दिसली तर दुसऱ्या दिवशीच्या नोंदणीला येणार नाहीत. टायवाले शेजारी उभे राहून प्रत्येक अटीला मान हलवत होते.

पहिल्या दिवशी मिस्त्रीनं कुलूप उघडलं आणि आईला उंबऱ्याच्या आत घेतलं. तिनं टाळी वाजवली. रिकाम्या घरातून टाळी परत आली, आणि ती हसली. मग कामाला लागली. पुढची खोली तासाभरात तिच्या मुठीत आली. पण मधल्या खोलीनं घोळ घातला. त्या खोलीला चार दारं होती. एक पुढच्या खोलीचं, एक स्वयंपाकघराचं, एक न्हाणीघराचं आणि एक मागच्या खोलीचं. चारही एकाच मापाची, एकाच लाकडाची, आणि खोली अशी चौकोनी की मध्ये उभं राहून एकदा गिरकी घेतली तर डोळस माणूसही चुकावा. आई पाणी आणायला निघाली की न्हाणीघरात पोचायची. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी तर पेला घेऊन पुढच्या दारातून थेट रस्त्यावर निघाली, तिथं टायवाले उभे होते. पेला त्यांना लागला. चूक त्यांचीही नव्हती.

"सगळीकडून सारखंच वाजतं रे," आई म्हणाली. "कुठं धरून उभी राहू?"

मिस्त्रीनं डोकं चालवलं. दारांना वेगवेगळ्या दोऱ्या बांधाव्यात म्हणाला, तर आई म्हणाली की दोरीपर्यंत पोचायचं कसं. भिंतीवर लाकडाची पट्टी ठोकावी म्हणाला, तर अट आडवी आली. शिवाय हे सगळं ऐकून आई आणखीच चिडली, कारण तिला स्वतःला जमायला हवं होतं.

त्या तिसऱ्या दिवशी बायकोकडून एक गोष्ट झाली. बाहेर दोघा मायलेकरांची पावलं मोजायची शिकवणी चाललेली, आणि ती एकटी स्वयंपाकघरात. समोर खिडकी. दमट हवेनं फुगून गच्च बसलेली, वर्षानुवर्षं कुणी उघडली नसावी. बायकोनं इकडेतिकडे बघितलं, पदर खोचला आणि दोन्ही तळहातांनी दणका दिला. उघडझाप तर कागदात मान्यच होती. खिडकी उघडली, अंगणातला वारा आत आला, आणि बायको पाच मिनिटं नुसती तिथं उभी राहिली. घर मिळो न मिळो, तेवढं तिनं वसूल करून घेतलं.

चौथ्या दिवशी आईचं तीनदा बरोबर आलं. पाचव्या दिवशी एकदाही चुकलं नाही. मधल्या खोलीत यायची, किंचित थांबायची, मान जराशी डावीकडे करायची, आणि सरळ स्वयंपाकघरात. न्हाणीघर म्हणा, न्हाणीघर. मागची खोली म्हणा, मागची खोली. दुपारनंतर तर ती गुणगुणायला लागली. मिस्त्रीच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यानं बायकोला बेकरीत फोन करून सांगितलं, आणि मागून गिऱ्हाईक खोळंबल्याचा आवाज येत असताना ती म्हणाली की पुन्हा सांगा, नीट ऐकू आलं नाही. नीट ऐकू आलं होतं. तिला दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

आता आनंदात माणूस काय करतो? ज्याला जे येतं ते करतो. संध्याकाळी आईला घरी पोचवून मिस्त्री खिडकी लावायला म्हणून परत आला, आणि रिकाम्या घरात त्याच्या कानांवर ती कुरकुर पडली. स्वयंपाकघराचं दार. खिडकीतून वारा आला की झडप जराशी हले आणि बिजागरी कुईं करून रडे. दोन दिवस त्याचं लक्ष आईच्या पावलांवर होतं, म्हणून त्यानं ते कानांआड केलं होतं. आज मन मोकळं झालं आणि कान जागे झाले. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसला असतानाही कुरकुरतं दार दिसलं, की हात धुवून पिशवीतून तेलाची कुपी काढणारा हा माणूस. त्याचे हात शिवशिवायला लागले. अट आठवली, नाही असं नाही. पण दोन थेंब तेल म्हणजे काही दुरुस्ती नव्हे, असं त्यानं स्वतःला समजावलं. दोन थेंबांवर थांबला असता तर मिस्त्री कसला. बिजागऱ्यांच्या सळया उपसल्या, काचकागदानं घासून लख्ख केल्या, तेल पाजलं, दाराची घासणारी कड रंध्याच्या एका हातानं उतरवली. दार उघडलं, मिटलं. लोण्यातून सुरी जावी तसं. घरी जाताना तो शीळ घालत होता.

सहाव्या दिवशी आई मधल्या खोलीत आली, थांबली, मान डावीकडे केली, आणि तशीच उभी राहिली. मग चालू लागली ती न्हाणीघरात. परत आली, पुन्हा निघाली आणि मागच्या खोलीच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. त्या दिवशी बायकोला सुट्टी होती, ती धावली. आईनं तिचा हात बाजूला केला. तिसऱ्यांदा निघाली आणि पुढच्या खोलीत येऊन पोचली, जिथून निघाली होती तिथंच. तिनं पेला खाली ठेवला आणि चाचपडत उंबऱ्यावर बसली.

"पुरे झालं," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला फोन लाव."

आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. मिस्त्रीला वाटलं, काल सगळं येत होतं आणि आज काहीच नाही, म्हणजे काल आपण नशीब बघितलं आणि आई शिकली असं समजलो. त्यानं खिशातून फोन काढला, पण बोटं नंबरावर जाईनात.

बायको मात्र सासूच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. खिडकी जाऊ दे, सासू नऊ तासांवर गेली तर घरात आपली बाजू कोण घेणार, हाही तिचा एक सवाल होता. तिनं विचारलं, "आई, काल कसं कळत होतं तुम्हांला?"

"अगं, ते दार बोलत होतं ना," आई म्हणाली. "तुझ्या खिडकीतून वारा आला की कुरकुरायचं. स्वयंपाकघर तिकडे आहे एवढं कळलं की बाकीची तिन्ही दारं आपोआप जागेवर येत होती. आज ते गप्प आहे. खिडकी बंद केलीस का?"

बायकोनं उठून बघितलं. सकाळी तिनंच उघडलेली खिडकी सताड उघडी होती. दार वाऱ्यानं डुलत होतं, आवाज न करता. मग तिनं वळून नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याचा हात आपोआप पिशवीवर गेला होता, जिथं तेलाची कुपी होती.

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि आईपुढं तर सोयही नव्हती. त्यानं सगळं सांगून टाकलं. सळया, काचकागद, रंधा, सगळं. आई ऐकत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मिस्त्रीला वाटलं रडतेय. ती हसत होती, खोकला येईपर्यंत हसली.

"जन्मभर लोकांच्या दारांची तोंडं बंद केलीस," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि आता माझ्या दाराचंही केलंस. ऊठ. उघड त्याचं तोंड."

सांगणं सोपं होतं. कुरकुर बंद कशी करायची याचे मिस्त्रीला बारा प्रकार येत होते. ती सुरू कशी करायची हे त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. सातव्या दिवशी सकाळपासून तो दाराशी बसला. रॉकेलनं सळया धुतल्या, तेल काढलं. दार गप्प. बारीक वाळू घातली, तर खरखर आली. मिठाचं पाणी घालून बघितलं, एक सळई जराशी वाकवली, तर दार म्हाताऱ्या बकरीसारखं ओरडलं आणि मग अडकूनच बसलं. बायको अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली, ती हसून हसून भिंतीला टेकली. आई मधल्या खोलीत स्टूल टाकून परीक्षक म्हणून बसली होती आणि प्रत्येक आवाजाला नापास करत होती. हा जाडा आहे. हा खोकल्यासारखा आहे. हा तर मेलेला आहे, पुढं चल.

चार वाजले, पाच वाजले. उद्या चारला बाई येणार होत्या. मिस्त्री हात टेकायला आला. नवी बिजागरी आणून गंजवावी म्हटलं तर तेवढे दिवस कुठं होते?

"तुझ्या वडिलांची करवत मशीन आठवते?" आई एकदम म्हणाली.

आठवत होती. मिस्त्री लहान असताना घरामागं वडिलांची लाकूड कापायची शेड होती. मशीनचा पट्टा जुना झाला की चाकावरून घसरायचा. मग वडील काय करायचे? पट्ट्याला राळ लावायचे. राळेनं पट्टा चाकाला धरून बसे, पण फिरताना असा किंचाळे की अख्खी गल्ली वडिलांच्या नावानं शंख करी. आईनं त्या किंचाळीवर संसार केला होता. यांचं काम चालू आहे की बंद, ते तिला स्वयंपाकघरात बसून कळायचं.

मिस्त्री उठून धावतच सुटला. पॉलिशच्या सामानात राळेचा खडा नेहमीचाच. तो वाटून त्यानं बारीक पूड केली, सळई सरळ करून चिमूटभर तिला चोळली आणि दार बसवलं. हात न लावता तिघंही थांबले. अंगणातून वारा आला. झडप हलली आणि दारानं एक लांब, बारीक, स्वच्छ कुईं काढली.

आई उठली. स्टुलाला वळसा घातला, मान डावीकडे केली, आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथून ओरडून सांगितलं की राळ अर्धी कर, कानाला जरा जास्त होतंय. मिस्त्रीनं अर्धी केली. त्या संध्याकाळी आईनं तेरा वेळा पाणी आणलं आणि दोघांना बळेबळे प्यायला लावलं.

आठव्या दिवशी चारच्या ठोक्याला बाई आल्या. सोबत टायवाले, हातात अटींचा कागद, कानावर लाल पेन. मिस्त्रीनं रात्रभर ठरवलं होतं की आधी आपणच कबूल करायचं, पण बाईंना बघून तो नुसताच बाजूला सरकला. आईनं स्वतः पुढचं दार उघडलं, या म्हणाली, बाईंना पुढच्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि पाणी आणायला वळली. बायकोनं मिस्त्रीचं मनगट धरलं, ते इतकं घट्ट की पुढं दोन दिवस वळ होता.

आई मधल्या खोलीत गेली. वारा होता. दार कुरकुरलं. ती गेली, नळ वाजला, आणि ती दोन्ही हातांत भरलेला पेला घेऊन परत आली. एक थेंब सांडला नाही. बाईंच्या स्टुलाच्या रोखानं तिनं पेला पुढं केला.

बाईंनी पेला घेतला, पण प्यायल्या नाहीत. त्या दाराकडे बघत होत्या. टायवाल्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, ते बाईंनी एका बोटानं मिटवलं. पुन्हा वारा आला, पुन्हा दार वाजलं.

"मी या दाराला कधी तेल लागू दिलं नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या यांना डॉक्टरनं गोड बंद केलं होतं. पहाटे उठून साखर खायचे. मला कळू नये म्हणून हळू उघडायचे, आणि हळू उघडलं की ते जास्तच वाजायचं. तेलाची बाटली मी लपवून ठेवायची." त्या थांबल्या. "मिस्त्री, हा तो आवाज नाही."

त्यानं कबुली द्यायला तोंड उघडलं, पण त्याच्याआधी आई बोलली.

"नाही बाई. तो तुमचा होता. हा माझा आहे."

मग आईनंच उरलेलं सांगितलं, तेलापासून राळेपर्यंत, मुलाची काहीही भीड न ठेवता. बकरीच्या आवाजापाशी बाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, मग डोळे पुसले. पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. कागद गुडघ्यावर पसरला. दुसऱ्या अटीसमोर लाल पेनानं फुली मारली, कारण चूक ती चूकच. मग थोडा विचार करून तिसऱ्या अटीवर एक आडवी रेघ ओढली आणि कागद आईच्या हातात दिला.

टायवाले वाकून वाचू लागले. "बाई, झोपायची अट तुम्ही खोडलीत. नोंदणी तर उद्या आहे."

"उद्या मी दहा वाजता येतेय सही करायला," बाई म्हणाल्या. "आज मिस्त्रींच्या आईंनी माझं घर मला हिंडून दाखवलं. मग रात्री बाहेर कशाला?"

आई उंबऱ्यापाशी उभी होती, हातात कागद, जो तिला वाचता येणार नव्हता. दार पुन्हा बोलू लागल्यापासून तिनं येते किंवा येत नाही असं तोंडानं म्हटलं नव्हतं, आणि तिला विचारायची कुणाची छातीही झाली नव्हती. तिनं कागदाची नीट घडी केली.

"मग माझी खाट आणा," ती म्हणाली. "मागच्या खोलीत लावा, दाराकडे डोकं करून."

बायको स्वयंपाकघरात पळाली आणि खिडकीशी उभी राहून रडली. मिस्त्री टेम्पोवाल्याला फोन लावायला अंगणात गेला.